मिठी नदीत वल्हं मारलं तर काय कळतं?

नदीच्या प्रदूषणाकडे लक्ष वेधायला कुणी होडीत बसून अख्खी नदी वल्हवत जातं, तेव्हा लोक हमखास विचारतात की त्याने पाणी स्वच्छ कसं होणार. ते होत नाही, आणि तसा दावाही कुणी करत नाही. २०१६ मध्ये लिझी कार नावाची इंग्लंडमधली एक बाई उभ्याने वल्हवायच्या फळीवर चढली आणि तिथल्या कालव्यांतून, नद्यांतून सुमारे ६४० किलोमीटर गेली. वाटेत दिसेल त्या प्लास्टिकचा फोटो काढायचा आणि तो कुठे काढला ते नकाशावर टाकायचं, हे काम तिने मुक्कामापर्यंत चालू ठेवलं. त्याच वर्षी शिल्पिका गौतम अशाच फळीवरून गंगेत उतरली आणि वल्हवत समुद्राला जाऊन भिडली. अशा प्रवासातून हाती लागते ती सलग पाहणी. पुलावरून नदीचा एक तुकडा दिसतो, काठावरून भिंत आड येते. वल्हवणाऱ्याला मात्र नदीत येऊन पडणारं प्रत्येक तोंड समोरासमोर दिसतं.

मुंबईला अशा पाहणीची फार गरज आहे असं मला वाटतं. कारण आपल्याकडे नदीचं प्रदूषण म्हटलं की डोळ्यासमोर येतात त्या तरंगणाऱ्या पिशव्या, थर्माकोल आणि निर्माल्य. ते दिसतं म्हणून खुपतं, आणि ते खुपायलाच हवं. पण मिठी, दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या आपल्या चार नद्यांचा जीव ज्याने घेतला ते पाण्यात विरघळलेलं आहे. सगळा कचरा उद्या उचलला तरी त्या पाण्यात मासा जगणार नाही. असं का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

मे महिन्यात मिठीत पाणी येतं कुठून?

मिठी सुमारे १८ किलोमीटरची. विहार आणि पवई तलाव भरून वाहिले की त्या सांडव्याच्या पाण्यातून ती सुरू होते. साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी करत माहीमच्या खाडीत शिरते. मध्ये विमानतळाच्या धावपट्टीखालूनही जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हा नाला नसून नदी आहे हे कित्येक मुंबईकरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता एक साधा हिशोब मांडू. तलाव भरून वाहतात ते पावसाळ्यात. उरलेले सात-आठ महिने वरून काही येत नाही. तरी एप्रिल-मेच्या भर उन्हात मिठी वाहत असते. मग ते पाणी कुणाचं?

ते भातसा, वैतरणा आणि तानसा इथलं. मुंबई रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी घेते, आणि त्यातलं बहुतेक सगळं शंभरेक किलोमीटरच्या टप्प्यातल्या धरणांतून नळाने येतं. सांडपाण्याची गणितं मांडताना अभियंते असं धरतात की पुरवलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के पाणी मोरीतून, संडासातून बाहेर पडतं. ते मलवाहिनीत गेलं तर ठीक. पण नदीकाठच्या कितीतरी वस्त्यांत मलवाहिनी पोचलेलीच नाही. तिथलं पाणी गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातं. शहापूर तालुक्यातल्या ज्या गावांच्या शेजारून हे पाणी मुंबईकडे निघतं, त्यांतल्या काही पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तेच पाणी कुर्ल्याला काळं होऊन वाहतं. हे लिहिताना मला दरवेळी त्रास होतो.

याची खूण पटवायला होडीही लागत नाही. पाऊस नसलेल्या दिवशी घराजवळचा नाला बघा. पर्जन्यजल वाहिन्या पावसाच्या पाण्यासाठी बांधलेल्या आहेत, म्हणजे जानेवारीत त्या कोरड्या हव्यात. त्यांतून जे वाहताना दिसेल ते कुणीतरी वापरून सोडलेलं पाणी आहे. सकाळी शहर आंघोळीला लागलं की हा प्रवाह फुगतो आणि दुपारी उतरतो. पाऊस अशा वेळा पाळत नाही.

प्राणवायू जातो कुठे

पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो आणि मासे तोच घेतात. आपल्याकडच्या ३० अंशांच्या गोड्या पाण्यात तो फार तर लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम मावतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांप्रमाणे आंघोळीच्या पाण्यात तो किमान ५ हवा आणि माशांसाठी किमान ४ हवा. म्हणजे शिल्लक मुळातच थोडी आहे.

आता या पाण्यात सांडपाणी आलं. त्यातलं अन्न, मैला आणि साबण यांवर जिवाणू तुटून पडतात. बंद हॉलमध्ये पंगत बसल्यासारखं हे आहे: जितकी पानं वाढाल तितके जेवणारे येतात, आणि प्रत्येक जण जेवता जेवता त्याच हॉलमधली हवा घेत असतो. पानं वाढतच राहिली तर जेवण संपायच्या आत हवा संपते. एक लिटर पाण्यातली ही सगळी घाण पचवायला जिवाणूंना किती मिलिग्रॅम प्राणवायू लागेल, त्या आकड्याला बीओडी म्हणतात. मराठीत जैविक प्राणवायू मागणी. आंघोळीच्या पाण्यात तो ३ च्या आत असावा लागतो. कच्च्या सांडपाण्यात तो साधारण २०० ते ३०० असतो. एक लिटर सांडपाणी निव्वळ पाणी मिसळून ३ वर आणायचं तर ऐंशीएक लिटर स्वच्छ पाणी लागेल. मेमधल्या मिठीत मिसळायला स्वच्छ पाणी एक लिटरही नसतं.

केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशभरातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले होते, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. बीओडी ३० च्या वर गेलेले पट्टे पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट गटात टाकले होते. पवई ते धारावी ही मिठी त्या गटात होती. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर उतरला, पण महाराष्ट्राचा ५५ वर चढला.

बीओडी मोजायच्या पद्धतीतही एक बोलकी गोष्ट दडलेली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या सांडपाणी आयोगाने ही चाचणी पाच दिवसांची ठरवली. तिथलं नदीचं पाणी समुद्राला मिळायला जास्तीत जास्त तेवढे दिवस लागतात, हे त्यामागचं कारण सांगितलं जातं. आपल्याकडे हवा उष्ण, जिवाणू भराभर खातात, म्हणून भारतात २७ अंशांवर तीन दिवसांची चाचणी करतात. अठरा किलोमीटरच्या मिठीतलं पाणी तर एखाद्या दिवसात समुद्रात पोचायला हवं, म्हणजे ही मागणी फार काळ नदीच्या माथी राहू नये. पण ते पोचत नाही. का, ते पुढे येईल.

बाटलीतला तपकिरी आणि पांढरा

प्राणवायू डोळ्यांनी बघता येतो, आणि वल्हवताना करण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम मला तेच वाटतं. काचेचं बूच असलेली ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. तिच्यात आधी मँगनीज सल्फेट आणि मग आयोडाइड घातलेलं अल्कलीचं द्रावण थोडं थोडं सोडायचं, बूच लावायचं आणि बाटली उलटीसुलटी करायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे दोन्ही मिळतं. अल्कली हात भाजते, त्यामुळे हातमोजे घातल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

पाण्यात प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी साका धरतो. तो हळूहळू ढगासारखा खाली बसतो. प्राणवायू नसेल तर साका पांढरा येतो. दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असते तिथे पावसाळा सरता सरता बाटली भरा, साका तपकिरी येईल. उद्यानाबाहेर पडून वस्त्या आणि गोठे मागे टाकल्यावर भरा, रंग फिका पडत जातो. खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी तो खडूसारखा पांढरा निघाला तर त्या पाण्यात माशाला घ्यायला श्वास उरलेला नाही. शाळेतली मुलं या दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून बघतात तेव्हा त्यांना बीओडी वेगळा समजावावा लागत नाही.

वेळही सांभाळावी लागते. पवई तलावासारख्या साचलेल्या, शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात दुपारी तीनला मोजलंत तर प्राणवायू भरपूर दिसेल, कारण उन्हात शेवाळ तो बनवत असतं. रात्री तेच शेवाळ तो वापरतं. पहाटे आकडा तळाला जातो आणि मासे मरतात तेही याच सुमारास. म्हणून मोजायचं ते उजाडताना.

खाडीच्या चिखलात निवट्या नावाचे छोटे मासे उड्या मारताना दिसले म्हणजे पाणी बरं असणार, असा समज बऱ्याच जणांचा असतो. निवटी ओली राहिली की कातडीतून आणि तोंडाच्या पोकळीतून हवेतला प्राणवायू घेते. तिला पाण्यातल्या प्राणवायूची फारशी पडलेली नसते. बोय मासा आणि कोळंबीचं तसं नाही, त्यांना तो पाण्यातच लागतो. काय दिसतं यापेक्षा काय दिसेनासं झालं हे विचारावं, आणि ते जुन्या कोळ्यांना विचारावं.

पाण्यावरच्या रंगीत तवंगाचंही असंच. साकीनाका-कुर्ल्याकडे पिंपं धुणारे आणि भंगारवाले काठावरच आहेत, तिथलं तेल नदीत येतं. पण दलदलीत लोहजिवाणूही असाच इंद्रधनुषी पापुद्रा धरतात आणि तो निरुपद्रवी असतो. वल्ह्याचं टोक हलकेच त्यातून फिरवा. पापुद्रा काचेच्या चुऱ्यासारखा तुटून तुकडे तुकडे झाला तर तो जिवाणूंचा. फाटून पुन्हा एकसंध मिटला तर तेल समजायचं.

माहीमला वास जास्त का येतो

मिठीत वर कुर्ल्याला सांडपाण्याचा वास येतो, पण माहीमच्या कॉजवेवर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, नासक्या अंड्यांचा येतो. लोकल खाडीवरून जाताना डोळे मिटून बसलेला माणूसही तो ओळखतो. घाण तीच, मग वास वेगळा का?

प्राणवायू संपला म्हणून सगळे जिवाणू थांबत नाहीत. काही जिवाणू सल्फेटवर श्वास चालवतात, आणि समुद्राच्या पाण्यात सल्फेट लिटरमागे सुमारे २,७०० मिलिग्रॅम असतं. खारं पाणी आणि सांडपाणी जिथे भेटतं तिथे या जिवाणूंना खायला आणि श्वासाला दोन्ही मुबलक मिळतं. ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, नासक्या अंड्यांचा वास तो हाच. हाच वायू चिखलातल्या लोहाशी मिळून काळा होतो. वल्हं तळाला टेकवून वर काढलं की पात्याला डांबरासारखा चिखल येतो आणि बाजूने बुडबुड्यांची माळ फुटते. त्या बुडबुड्यांत मिथेनही असतो. एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या: हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाक बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असं नसतं.

भरतीने तरी हे धुऊन जायला हवं होतं. मुंबईला भरती दिवसातून दोनदा येते आणि उधाणाला साडेचार मीटरच्या वर जाते. पण भरती पाणी बाहेर नेत नाही, ती ते आत ढकलते. ओहोटीला माहीमच्या तोंडापर्यंत उतरलेलं सांडपाणी पुरतं समुद्रात मिसळायच्या आधीच पुढच्या भरतीबरोबर मागे येतं. वरून पावसाचं पाणी लोटत असेल तर ते पुढे सरकतं. उन्हाळ्यात लोटणारं कुणी नसतं. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीतलं अंतर कमी पडतं आणि घाण धुण्याचा जोर आणखी मंदावतो. नदी एका दिवसाची असूनही पाणी दिवसेंदिवस तिथेच घोटाळतं ते यामुळे.

मनोरीकडच्या एका नाखव्याने मला हे एका वाक्यात सांगितलं होतं: "पाणी सुकतीला बघायचं, भरतीला सगळंच गोड दिसतं." भरतीला खाडी फुगते, पाण्याने पाणी पातळ होतं आणि नाल्यांची तोंडं बुडून जातात. फोटो छान येतात. नमुना मात्र फसवा निघतो.

जायचं झालं तर

मिठीत कयाक घालावी असं मी कुणालाही सुचवणार नाही. मधल्या पट्ट्यात प्रवेश नाही, पाण्यात सळया आणि काचा आहेत, आणि लेप्टोस्पायरोसिस हा खरा धोका आहे. उंदरांच्या मुतातून येणारा हा आजार पायावरच्या बारीक जखमेतूनही शिरतो, २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो भोगलेला आहे. मिठीची पाहणी काठाने चालत आणि पुलांवरून दोरीला बाटली बांधून होते. पवईत मगरी आहेत. वल्हवायला मनोरी-गोराईची खाडी आहे आणि मुंबईबाहेर उल्हास नदी आहे. तिथेही लाईफ जॅकेट, पूर्ण झाकलेले बूट आणि बरोबर स्थानिक कोळी हवाच. जखम असेल तर जाऊ नये, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना कुठल्या पाण्यात होतात ते आवर्जून सांगावं.

वेळ ठरवायला किनाऱ्यावरचा जुना हिशोब अजून कामाला येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊ-सव्वानऊला ओहोटी. साडेसहाला निघालात तर पाणी उतरतं असतं, नाल्यांची तोंडं उघडी पडू लागतात आणि होडीखाली अजून पुरेसं पाणी असतं. वर पहाटेचा प्राणवायू मोजायची वेळही साधते. पौर्णिमेला उजाडताना पूर्ण सुकती असते, तेव्हा गेलात तर चिखलात रुतून बसाल. वेळेची खात्री भरतीच्या छापील तक्त्यावरून करून घ्यावी.

प्रत्येक तोंडापाशी चार गोष्टी लिहायच्या: जागा, वेळ, शेवटचा पाऊस कधी झाला, आणि पाणी वाहतंय की नाही. "पाच दिवस पाऊस नाही आणि या तोंडातून सकाळी सातला मनगटाएवढी धार पडते आहे" ही नोंद वॉर्ड ऑफिसात नेली तर समोरच्याला ती कुठल्या वाहिनीची, हे शोधावं लागतं. "नदी घाण आहे" या तक्रारीचं तसं होत नाही.

आणि सांडपाणी वळवल्यावर?

उपाय काय ते पालिकेलाही माहीत आहे, आणि काम सुरूही आहे. कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप असे मुंबईचे सात मलनिस्सारण विभाग आहेत. वरळी आणि वांद्र्याचं सांडपाणी समुद्रात तीन किलोमीटरच्याही पुढे नेऊन सोडतात. आता एकूण २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची नवी शुद्धीकरण केंद्रं उभी राहत आहेत. मिठीसाठी बापट नाला आणि सफेद पूल नाल्यातलं कोरड्या दिवसांतलं पाणी अडवून धारावीच्या केंद्राकडे नेणारा ६.७ किलोमीटरचा बोगदा आखलेला आहे. तरंगता कचरा अडवणारे अडसर लावण्यापेक्षा हे काम कितीतरी मोठं आहे आणि त्याची बातमी मात्र कमी होते.

पण मेमधल्या मिठीतलं पाणी कुठून येतं, तो वरचा हिशोब इथे पुन्हा समोर येतो. त्या महिन्यांत नदीत जे वाहतं ते सांडपाणीच असेल, तर ते सगळं बोगद्यात वळवल्यावर पात्रात उरेल तो गाळ आणि खालून शिरणारी भरती. विहारचं पाणी शहराला लागतं, ते नदीसाठी सुटणार नाही. मग शुद्ध केलेल्या पाण्यातला काही वाटा पंपाने पुन्हा वर, पवईच्या बाजूला आणून नदीत सोडायला हवा. वरून लोट आला की खाडीत घोटाळणारं पाणी बाहेर सरकेल आणि बाटलीतला पांढरा साका तपकिरीकडे झुकू लागेल. यासाठी वेगळी वाहिनी लागेल, पंपाचं वीजबिल दर महिन्याला येईल, आणि किती लिटर सोडायचं ते कुणीतरी आत्ताच ठरवावं लागेल. बोगदा आणि केंद्रं बांधून झाल्यावर त्यांत अशी वाहिनी घुसवणं फार महाग पडतं.